एकोणीस वर्षांचा चेहरा

"तोंड हलवू नको," आत्या म्हणाली आणि बाजारात दात बघायला गाईचं तोंड धरतात तशी माझी हनुवटी तिनं पकडली. दुसऱ्या हातात लिपस्टिक होती. ती तिनं उलथणं धरल्यासारखी मुठीत धरली होती.

"आधी वरचा ओठ का खालचा?"

मी लिपस्टिककडं बघत राहिले.

"बहिरी झालीस का? तुला तर सगळं येतंय म्हणे. वरचा का खालचा?"

"तुम्हाला वाटेल तो," मी म्हणाले.

मग तिनं भिंतीला पोतेरं फिरवावं तशी लिपस्टिक फिरवली. थोडी ओठांना लागली, थोडी नाकाखाली आणि थोडी दातांना. मी थू करून दात पुसले तर टाळक्यात टपली बसली.

कलावती आत्या म्हणजे आमच्या अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्या घरी आली ती कायमची, आणि आल्या दिवसापासून घर तिच्या हुकमावर चालायचं. अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. दुकानात ते मालक, घरात पाहुणे. आई तर स्वतःच्या स्वयंपाकघरात सुद्धा मीठ किती घालू ते विचारून घालायची. आत्याचं कुंकू पुसून वीसेक वर्षं झाली होती आणि लिपस्टिक तिनं जन्मात हातात धरली नव्हती. ओठांना लावण्याआधी तिनं ती नाकाशी नेऊन तिचा वास घेतला होता, ते मी बघितलं. आज कुणी म्हणेल, बिचारी. म्हणू दे. पंधरवड्यापूर्वी याच ओठांवरून तिनं मला दारात उभं करून मारलं होतं. मला काही तिची दया येत नाही.

झालं होतं असं. आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मी नववीत, आणि आमच्या वर्गाचं कोळीनृत्य. बाईंनी मेकअपचं सामान आणलं आणि दोन पोरींची तोंडं रंगवून बघितली. त्या जत्रेतल्या बाहुल्यांसारख्या दिसायला लागल्या. मग मी म्हटलं, "बाई, मी करू?" नाचातल्या आम्हा आठही जणींचे चेहरे मी केले. कुणाचं नाक बसकं ते वर काढलं, कुणाच्या डोळ्यांना काजळाची शेपूट दिली. बाई म्हणाल्या, "जगदेवी, तुझा हात चांगला आहे गं." मला आजवर शाळेत कुणी असं म्हटलं नव्हतं. गणितात तर नाहीच नाही.

नाच झाला. अर्धं गाव मांडवात होतं. अप्पा पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. संपल्यावर बाकीच्या पोरींनी नळावर तोंडं धुतली, आणि मी तशीच घरी निघाले. घरी सांगितलं की नळाला पाणी नव्हतं. पाणी होतं. मला धुवायचं नव्हतं. एवढं छान झालेलं कोण धुवील?

शाळेपासून घरापर्यंत वाटेत फक्त चौक लागतो. चौकात पानटपरी, टपरीपुढं माणसं, आणि ती माणसं कोण, तर मघाशी मांडवात टाळ्या वाजवणारीच. मांडवात माझं रंगवलेलं तोंड चालत होतं, चौकात चालेना. एकानं दुकानात जाऊन अप्पांना एवढंच म्हटलं, "अप्पा, लेक मोठी झाली की हो." हसत म्हटलं असेल. पण अप्पांच्या नि माझ्याही आधी ते घरी आत्यापर्यंत पोचलं.

"नाचणारीण आली!" मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत ती ओरडली. "बाजारातून तोंड रंगवून आलीस? कुणाला दाखवायचं होतं? आं? कुणाला?"

"कुणाला म्हणजे? नाच होता ना शाळेत."

"नाच तिथं होता! इथं काय आहे? इथं कुणाला नाचून दाखवायलीस?"

मग पहिली बसली. समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या तरी तिनं हात थांबवला नाही. उलट त्यांना ऐकू जाईल असंच बोलायला लागली. आई चुलीपाशी उभी राहून पदर तोंडात धरून बघत होती. अप्पा आले तेव्हा मी तोंड धुऊन कोपऱ्यात बसले होते. आत्या त्यांना म्हणाली, "मन्मथ, हिला आता घरात ठेवणं म्हणजे पदरात विस्तू बांधून हिंडणं आहे. स्थळ बघ." अप्पा म्हणाले, "लहान आहे अक्का ती." आत्या म्हणाली, "ओठ रंगवायला लहान नाही ना?" झालं. अप्पांपुढं आत्याचा शब्द शेवटचा असायचा. दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा बंद.

आणि आठवडाभरात स्थळ आलंसुद्धा. मुलगा शिक्षक होता, जिल्हा परिषदेच्या शाळेवर, पक्की नोकरी. त्यांची अट एकच. मुलगी अठराच्या वरची पाहिजे, सरकारी नोकरीचा मामला आहे. आत्यानं डोळ्याची पापणी न हलवता निरोप धाडला, "एकोणीस चालू आहे. बारावी झाली आहे. लातूरला मावशीकडं राहून शिकली."

मी पंधराची होते. ती पण अशी की फ्रॉक घातला असता तर खपला असता. लग्न ठरलं असतं तर फाल्गुनात बार उडवायचा बेत होता. म्हणजे माझी नववीची परीक्षासुद्धा व्हायची नव्हती.

म्हणून तो घाट. अप्पांनी स्वतः लातूरहून सामान आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, गावात कुणी बघू नये म्हणून. फाउंडेशन, पावडर, लाली, काजळ, लिपस्टिक. ज्या घरात साधी टिकली जरा मोठी लावली तर "हे काय थोबाड" असं ऐकावं लागायचं, त्या घरात पाटावर हे सगळं ओळीनं मांडलेलं. मला हसू येत होतं आणि भीती पण वाटत होती.

आई चुरमुरे भिजवून सुशीला परतत होती. पाहुण्यांसाठी सुशीला आणि भजी, असं ठरलेलं. तिनं आत डोकावून माझं तोंड बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई!"

"काय झालं?" आत्या खेकसली.

"काही नाही, वन्सं. जरा पांढरं जास्त झालंय."

आत्यानं आरसा माझ्याकडं फिरवला. मी बघितलं. चुन्याच्या निवळीत बुडवून काढल्यासारखं तोंड, त्यात लाल भडक ओठ नाकापर्यंत गेलेले. गाढवाला सजवलं तरी बरं दिसलं असतं. हे असं राहू दिलं असतं तर पाहुणे दारातूनच परत गेले असते. आज कळतं. पण मी पंधरा वर्षांची होते आणि मला ते बघवेना. माझं तोंड होतं ते!

"द्या इकडं," मी म्हटलं.

ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं आणि पहिल्यापासून केलं. आत्या मांडी घालून समोर बसली आणि सूचना द्यायला लागली.

"गाल जरा भरल्यासारखे दिसू दे."

"बरं."

"डोळे पोरीगत नको. बाईगत."

"बरं."

"ओठ जरा मोठे कर. आणि लाल नको, ते दुसरं आहे ना विटकरी, ते."

बघा आता. पंधरवड्यात बाई रंग पण ओळखायला लागली होती.

माझा हात चांगला होता, हे बाईंनी खोटं सांगितलं नव्हतं. भुवया जरा जाड केल्या, गालाच्या हाडाखाली लालीची सावली ओढली, अंबाडा वर बांधला, आईची निळी साडी नेसले. आरशात बघितलं तर एक वेगळीच बाई बसलेली. एकोणीस, वीस म्हणा. लातूरला राहून शिकलेली. मला ती आवडली. आणि आवडली याचा मला असा राग आला की आरसा पालथा घातला.

आई दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडं बघितलं आणि परत चुलीपाशी गेली. तिचा कढईतला झारा बराच वेळ वाजत नव्हता.

"वय किती?" आत्यानं विचारलं.

"एकोणीस."

"शिक्षण?"

"बारावी झाली."

"कुठं?"

"लातूरला. मावशीकडं राहून."

"पुढं का शिकली नाहीस?"

"घरकामाची आवड आहे."

"शाबास," आत्या म्हणाली. आयुष्यात तिनं मला शाबास म्हटलं ते एवढंच.

पाहुणे तीन. मास्तर स्वतः, त्यांची आजी आणि एक चुलते. चुलत्यांचं नाव मला आठवत नाही, कारण ते शेवटपर्यंत फक्त सुशीला खात होते. मास्तर सत्तावीस-अठ्ठावीसचे, खिशाला पेन, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. वाईट दिसत नव्हते. माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्यांना मी पसंत पडले होते, ते मला तेव्हाच कळलं. आत्याला पण कळलं. तिनं अप्पांकडं बघून डोळ्यानंच 'झालं' म्हटलं.

पण बोलणी आजीच्या हातात होती. नागरबाई तिचं नाव. वाळक्या शेंगेसारखी बाई, पण डोळे असे की पाटाखालचा मुंगळा दिसावा. तिनं आधी मला चालायला लावलं. मग बसायला. मग अंबाडा सोडायला लावून केस हातात घेऊन ओढून बघितले, खरे आहेत का गंगावन लावलंय. तेव्हा असंच असायचं. कुणाला काही वाटायचं नाही. मलाच वाटायचं, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

"नाव काय माय तुझं?"

"जगदेवी."

"वय?"

"एकोणीस."

"मोठ्यानं बोल. एवढीशीच चिमणी बोलल्यासारखं काय?"

"एकोणीस."

नागरबाईनं माझा गाल अंगठ्यानं चोळला. मग तो अंगठा उजेडाकडं धरून बघितला.

"हे काय हाय?"

आत्या पुढं सरकली. "काही नाही आजी, जरा पावडर. आजकाल सगळ्याच पोरी लावतात."

मी मान वर करून आत्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"पोरींनी थोडं नटावंच की," आत्या म्हणत होती. "वयच हाय त्यांचं. आपण काय आता लावणार आहे का?"

मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ना, तसं मला झालं. नाही, चूक. मला तिच्या तोंडावर तिथल्या तिथं सुशीलाची ताटली फेकावीशी वाटली. पाठीवरचे वळ अजून निवले नव्हते माझ्या.

"मला नटव्या पोरी नकोत घरात," नागरबाई म्हणाली. "तोंडाला रंग फासणाऱ्या बाया कोण असतात ते मला माहीत हाय. मी पोरगी बघायला आलेय, भिंत नाही. जा, तोंड धुऊन ये. गोरी हाय का काळी, माझ्या डोळ्यानं बघू दे."

"आजी, कशाला उगीच," मास्तर म्हणाले.

"तू गप बस. धुऊन आणा म्हणते ना!"

आत्यानं सगळा विचार केला होता. कोण काय विचारील, मी काय सांगायचं, अप्पांनी कुठं बसायचं, उजेड माझ्या पाठीमागून यावा म्हणून खिडकी कुठली उघडायची, सगळं. एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. जगात तिच्यासारखी अजून एक बाई असेल.

"चल," आत्या म्हणाली आणि माझं मनगट धरून मला मागच्या मोरीत घेऊन आली. आत येताच तिचा आवाज पार बदलला. कुजबुजत होती, घाई करत होती, घाबरली होती.

"नुसतं पाणी लाव. घासू नको. कळलं का? वरचेवर. भुवयांना हात लावू नको. डोळ्यांचं राहू दे. ओठ नुसते टिपून घे."

मी तांब्या भरून घेतला.

"जगू, ऐक. चांगलं स्थळ आहे. पक्की नोकरी आहे. असं परत मिळायचं नाही."

तिनं मला जगू म्हटलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

"माझ्या शाळेचं काय?" मी विचारलं.

"शिकवतील की तिकडं. मास्तरच हाय ना तो."

"आत्ता नववी होऊ द्या ना माझी. परीक्षेनंतर बघा."

"नववी, नववी! नववी करून काय दिवे लावणार आहेस? तुझी लक्षणं बघितलीत मी. आज ओठ रंगवलेस, उद्या आमची तोंडं काळी करशील."

मोरीच्या फळीवर कपड्यांचा साबण होता. मी तो उचलला.

"अगं! ते नको. काय करायलीस?"

मी डोळे मिटून साबण तोंडाला लावला. आत्यानं मनगट धरलं. मी दुसऱ्या हातानं घासलं. ती दोन्ही हात धरायला लागली तर मी तोंड खांद्याला घासलं. डोळ्यांत साबण गेला, आग आग व्हायला लागली. तिचे हात पण साबणानं बुळबुळीत झाले, त्यामुळं तिच्या हातून मी निसटत होते. मोठ्यानं कुणीच काही बोलत नव्हतं. बाहेर पाहुणे होते ना. दोघी मोरीत दबक्या आवाजात भांडत होतो. ती फुसफुसत म्हणत होती, "भवाने, सोड, सोड म्हणते," आणि मी सोडत नव्हते.

"काय आंघोळ घालायलाव का पोरीला?" बाहेरून नागरबाई ओरडली.

आत्यानं हात सोडले. मी तांब्याभर पाणी डोक्यापासून ओतून घेतलं. काजळ, लाली, विटकरी, सगळं मोरीत गेलं. साडीच्या पदरानं तोंड पुसलं आणि आत्याच्या पुढून बाहेर आले.

नागरबाईनं मला जवळ बोलावलं. हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं, एकदा इकडं, एकदा तिकडं. मी डोळे मोठे करून बघत राहिले. आता हिला दिसणार, मला वाटलं. आता ही म्हणणार, अगं हे लेकरू आहे.

"असली रंग हाय," नागरबाई म्हणाली. "गव्हाळ हाय, पण साफ हाय. मला पसंत हाय पोरगी."

एवढं सगळं केलं, आणि त्या बाईला फक्त रंग बघायचा होता! वय तिला दिसत असूनही तिच्या लेखी ते नव्हतंच. आत्यानं जोरात श्वास सोडला. अप्पा "साखर आणा, साखर" म्हणाले. आई दारात होती. तिच्या हातात साखरेची वाटी तयारच होती, पण ती हलली नाही.

मास्तर मात्र माझ्याकडं बघत होते. आता मान खाली नव्हती. तोंड ओलं, केस चिकटलेले, साडी अर्धी भिजून अंगाला लागलेली, डोळे लाल. त्यांनी मला नीट बघितलं, खालपासून वरपर्यंत. आणि मग त्यांचा आवाज बदलला. इतका वेळ पाहुण्यासारखे हळू बोलणारे मास्तर एकदम वर्गात बोलतात तसे बोलले.

"कितवीला आहेस?"

मी ताठ झाले. हात आपोआप पाठीमागं गेले. शपथ घेऊन सांगते, मी ठरवून काही केलं नाही. कुठल्याही शिक्षकानं त्या आवाजात विचारलं की आमच्या शाळेत जसं उत्तर यायचं तसंच आलं.

"नववी ब, सर."

चुलत्यांचा चमचा हातातच राहिला.

"होती!" आत्या म्हणाली. "होती नववीत. चार वर्षांखालची गोष्ट सांगायली. घाबरली हाय पोरगी."

मास्तर आत्याकडं वळलेच नाहीत. "इतिहासाचा कुठला धडा चालू आहे?"

इथं मात्र मी विचार केला. अप्पांकडं बघितलं. ते दाराच्या कडीकडं बघत होते. आत्याकडं बघितलं. ती माझ्याकडं अशी बघत होती की पाहुणे गेल्यावर माझं काय होणार ते मला स्पष्ट दिसलं. होणारच होतं. मग कशाला सोडा?

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. "पंधरा दिवस झाले, मला शाळेत पाठवलं नाही. तोवर पाचवा संपला होता."

मास्तर उठले.

"बस की रे!" नागरबाई म्हणाली. "नववीतली असली म्हणून काय बिघडलं? मी बाराची नव्हते, तवा तुझ्या आज्याच्या घरी आले. लहान असली तर वळण लागतं."

"आजी, नोकरी जाईल माझी."

"कोण सांगतंय त्यांना?"

"शाळेत नाव आहे तिचं. जन्मतारीख आहे. उद्या एक अर्ज गेला की संपलं. मीही आत, हेही आत." अप्पांकडं बोट करून ते म्हणाले. "तुम्हाला काही वाटतं का? शिक्षकाला नववीतली पोरगी दाखवता?"

मला क्षणभर वाटलं होतं की हा माणूस माझ्यासाठी उठलाय. त्यांनी माझ्याकडं परत एकदासुद्धा बघितलं नाही. चपला घालताना म्हणाले, "गाडी लागेल आता साडेचारची," आणि बाहेर पडले.

नागरबाईला मात्र वय चालत होतं, फसवणूक चालत नव्हती. उंबऱ्यावर तिला एकदम सगळं कळलं, आणि ती गल्लीत उभी राहून बोलायला लागली. समोरच्या बाया परत दारात.

"वय चोरायला रंग फासला होय! आजकाल सगळ्याच लावतात म्हणे! पोरीला बाजारबसवीगत रंगवून ठेवता आणि चांगल्या घरची माणसं बोलावता? नटवी तर नटवी, वर लबाड!"

"आजी, हळू," अप्पा हात जोडत होते.

"का हळू? कळू दे की गावाला!"

कळलं. गावालाच नाही, बुधवारच्या बाजारात आसपासच्या साऱ्या गावांना कळलं. नागरबाई भाजीच्या ओळीत बसून येईल त्याला सांगत होती म्हणे. माझ्या बदनामीचं एवढं काम कुणी मन लावून केलं नसेल.

पाहुणे गेल्यावर मला मार बसला. ते सांगत बसत नाही. आत्याचा हात दुखला तेव्हा ती थांबली आणि पाणी पिऊन अप्पांना म्हणाली, "उदगीरचं एक आहे. व्यापारी माणूस आहे. त्याला नोकरीबिकरीचं काही नाही. त्याला वयाचं पण काही नाही. निरोप धाड."

म्हणजे काही संपलं नव्हतं. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. अप्पांनी निरोप धाडला.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. उदगीरची माणसं रविवारी येणार होती. लिपस्टिक अजून अर्धी शिल्लक होती, आणि आत्यानं ती कपाटात ठेवली होती. मी ठरवलं होतं, या वेळी मी भांडणार नाही, विहिरीत उडी घेणार. विहिरीला पाणी नव्हतं त्या साली, ते नंतर लक्षात आलं.

शनिवारी सकाळी उदगीरहून माणूस आला. चहा घेतला नाही. उभ्यानंच म्हणाला, "आमच्याकडच्यांनी नको म्हटलंय. मास्तरांच्या घरच्यांकडून सगळं कळलं. रंगवलेली पोरगी आमच्यात चालत नाही."

तो गेला. अप्पा टोपी घालून दुकानाला निघाले. दारातून वळून म्हणाले, "अक्का, आता तीन वर्षं हा विषय नको. माझ्या दुकानावर लोक हसायलेत." दुकानावर. माझ्यावर कोण हसतंय, याचं त्यांना काही नव्हतं.

आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मारायला म्हणून आली असेल, पण मारलं नाही. तिच्याकडं त्याहून मोठं काहीतरी होतं.

"झालं मनासारखं?" ती म्हणाली. "सगळ्या मुलखात नाव झालं. बस आता. आता मेलं कुत्रंसुद्धा येणार नाही तुला बघायला!"

तिला वाटलं, याहून वाईट बाईमाणसाला काही सांगता येत नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, आणि हसू काही दाबता येत नव्हतं.

"कुणी येणार नाही?" मी विचारलं.

"कुणीसुद्धा नाही!"

"नक्की?"

"थोबाड फोडीन!" आत्या म्हणाली.

तेवढ्यात आई चुलीपाशी उठली. हात पदराला पुसले, कोनाड्यातली फणी घेतली आणि येऊन माझ्या मागं बसली. कुणालाही न विचारता. माझे केस मोकळे केले, भांग पाडला आणि वेणी घालायला लागली.

"कुठं पाठवायलीस तिला?" आत्यानं विचारलं.

आईनं एक वेणी घातली. दुसरी घ्यायला लागली.

"मी तुला विचारायले!"

"शनिवार आहे, वन्सं," आई म्हणाली. "सकाळची शाळा असते."

आत्या बोलत राहिली. पुढची किती तरी वर्षं बोलत राहिली. आईनं रिबीन एवढी आवळली की माझ्या भुवया वर ओढल्या गेल्या. मग तिनं मला पाठीत एक बुक्की मारली, ऊठ म्हणून. मी उठले. पहिला तास गणिताचा होता आणि मला उशीर झाला होता.